जुन्या वास्तूंवर स्मृतिफलक : मजकूर, धातू, भिंत आणि नंतरची देखभाल

दगडीचिरा (मूळ धागा)

शहरातल्या जुन्या वास्तूंवर, ऐतिहासिक जागांवर, कोणाच्या राहत्या घरावर स्मृतिफलक लावायचे उपक्रम बऱ्याच ठिकाणी मोठ्या उत्साहात सुरू होतात. काही वर्षांनी पाहिलं तर एखाद्या पाटीचा रंग उडालेला असतो, कुठे पाटीखालचा दगड फुटलेला असतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाटीवरचं साल चुकलेलं असतं. समितीचा सगळा वेळ पाटी कसली करायची यात जातो. फलक बिघडतात ते मात्र दोनच जागी, मजकुरात आणि भिंतीत.

लंडनचं उदाहरण मुद्दाम देतो, कारण तिथला अनुभव सगळ्यात लांब आहे. १८६३ साली विल्यम ईवर्ट यांनी तिथल्या संसदेत ही कल्पना मांडली, १८६६ मध्ये सोसायटी ऑफ आर्ट्स या संस्थेने ती हाती घेतली आणि १८६७ मध्ये कवी बायरनच्या जन्मघरावर, २४ हॉलिस स्ट्रीटला, पहिला फलक लागला. ते घर १८८९ मध्ये पाडलं गेलं, फलकही गेला. सोसायटीने एकूण ३५ फलक लावले, त्यातले निम्मेही आज उरलेले नाहीत. फलक लागला म्हणून इमारतीला कायद्याचं संरक्षण मिळत नाही, आजही मिळत नाही. हे समितीने घरमालकाला आणि स्वतःलाही पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगावं. वारसा यादीत नाव घालणं हे वेगळं काम आहे, वेगळ्या कार्यालयाचं आहे.

माझ्या मते कामाचा क्रम असा असावा: आधी पुरावा, मग मजकूर, मग भिंतीची पाहणी, मग मालकाची लेखी संमती आणि लागतील त्या परवानग्या, आणि शेवटी पाटीचं साहित्य. बहुतेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा असतो. पाटीचा आकार आधी ठरतो, मग त्यात मावेल तेवढा मजकूर कोंबला जातो आणि भिंतीचा विचार ड्रिल हातात घेतल्यावर होतो.

धाग्यात पुरावे, अक्षरं, साहित्य, बसवणं, देखभाल अशा सगळ्याच बाजूंनी तपशील यावेत. आकडे असतील तर आकडे द्या.

---

दप्तरदार

पुराव्यापासून सुरू करतो. "अमुक व्यक्ती या घरात राहत होती" या एका वाक्यात तीन दावे आहेत: व्यक्ती तीच, घर तेच, आणि ती तिथे खरोखर राहत होती. तिन्हींना वेगवेगळा पुरावा लागतो.

सगळ्यात जास्त चुका घर क्रमांकात होतात. घरांचे क्रमांक बदलतात, रस्त्यांची नावं बदलतात, एका प्लॉटचे दोन होतात. जुन्या पत्रावर "४२" असेल तर आजचं ४२ तेच असेल असं अजिबात धरू नये. करायचं असं, की त्या काळाचा मोजणी नकाशा घ्यायचा, आजचा नकाशा घ्यायचा, आणि न बदललेल्या दोन-तीन खुणा दोन्हींवर शोधायच्या. देऊळ, चर्च, विहीर, पूल, चौकाचा कोन असं काहीही चालतं. त्या खुणांपासून घर मोजत यायचं. मधल्या काळाच्या घरपट्टीच्या नोंदवह्या मिळाल्या तर एकेक वर्ष पुढे सरकत मालकांची साखळी जुळवायची. ज्या वर्षी क्रमांक बदलले त्या वर्षीच्या वहीत बहुधा जुना आणि नवा असे दोन्ही क्रमांक शेजारी लिहिलेले सापडतात. ते पान मिळालं की निम्मं काम झालं.

दोन स्वतंत्र पुरावे असल्याशिवाय पत्ता पक्का धरू नये. "स्वतंत्र" हा शब्द महत्त्वाचा. एका चरित्रातून दुसऱ्या लेखात, तिथून गौरव अंकात आणि तिथून दहा संकेतस्थळांवर गेलेली माहिती हा एकच पुरावा आहे. खरेदीखत, कराची नोंद, मतदार यादी, पत्ता छापलेलं पत्र, तारखेचा फोटो, त्या काळचं वर्तमानपत्र यांतले दोन जुळले पाहिजेत.

दुसरी गोष्ट तारखांची. मूळ नोंद दुसऱ्या कालगणनेत असेल तर नुसतं बेरीज-वजाबाकीचं सूत्र लावून चालत नाही. शके वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे शके १८०० म्हणजे १८७८ आणि १८७९ या दोन्ही सालांत पडतं. महिना माहीत असेल तर चैत्र ते साधारण मार्गशीर्षापर्यंत ७८ मिळवायचे, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांना ७९. पौषात तिथी पाहावी लागते, कारण १ जानेवारी बऱ्याचदा त्याच महिन्यात येते. इंग्लंडात १७५२ पर्यंत ज्युलियन दिनदर्शिका होती आणि वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून तिथल्या जानेवारी-फेब्रुवारीच्या नोंदीतही एका वर्षाचा घोळ होतो. महिना कळत नसेल तर फलकावर नेमकं साल टाकू नका, "१८७० च्या दशकात" असं लिहा. ते खरं तरी राहील.

---

अक्षरवळण

दप्तरदारांच्या मुद्द्याला जोडून मजकुराबद्दल.

वीस शब्दांच्या आसपास थांबा. नाव, जन्म-मृत्यूची सालं, ओळख एका शब्दात किंवा दोन शब्दांत, आणि या वास्तूशी संबंध कोणता व कधीचा, एवढंच. उदाहरणार्थ:

अमुक अमुक
१८५२–१९१७
गणिती
या घरात १८८१ ते १८९६ राहत होते

विशेषणं पूर्णपणे काढा. "थोर", "महान", "आद्य" यांनी वाचणाऱ्याला काही कळत नाही आणि जागा जाते. "पहिले", "सर्वात जुने", "एकमेव" हे शब्द तर अजिबात नकोत, कारण उद्या कोणी आधीचं उदाहरण काढलं की पाटी खोटी ठरते आणि धातू खोडता येत नाही.

क्रियापद काळजीने निवडा. "राहत होते", "जन्मले", "येथे निधन झाले", "येथून नियतकालिक चालवले" हे वेगवेगळे दावे आहेत. मूळ घर पाडून त्या जागी नवी इमारत असेल तर "या जागी असलेल्या घरात" असंच लिहिलं पाहिजे. हे चार शब्द वाचवण्यासाठी "येथे" लिहून मोकळं होणं म्हणजे वाचणाऱ्याची फसवणूक आहे. तो समोरच्या इमारतीकडे पाहून तीच ती खोली असं समजतो.

आता अक्षराचा आकार. आरामात वाचता यावं म्हणून वाचणाऱ्याचं अंतर मिलिमीटरमध्ये घ्या आणि २०० ने भागा. ४ मीटरवरून वाचायचं तर २० मिमी. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजायची, वरच्या वेलांट्या-मात्रा आणि खालचे उकार सोडून. त्यांना जागा लागते म्हणून दोन शिरोरेषांमधलं अंतर अक्षराच्या उंचीच्या दुप्पट, म्हणजे इथे ४० मिमी धरा. त्याहून कमी केलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो.

यावरून हिशेब करा. ४५० मिमी चौरस पाटी, कडेने ५५ मिमी समास, म्हणजे वापरायला ३४० मिमी. ४० मिमीच्या आठ ओळी बसतात, एका ओळीत १८-१९ अक्षरं. शब्दांमधली मोकळी जागा वजा जाता पंचवीसेक शब्द होतात, तेही काठोकाठ. गोल पाटीत वरच्या-खालच्या ओळी आखूड होतात, म्हणून आणखी कमी. त्यात दोन भाषा बसवायच्या म्हटलं की अक्षर १० मिमीवर येतं आणि पाटी २ मीटरच्या पलीकडून वाचता येत नाही. दोन भाषा हव्या असतील तर दोन पाट्या करा किंवा पाटी मोठी करा, अक्षर बारीक करू नका.

---

ओतशाळा

अक्षरवळण यांचा हिशेब बरोबर आहे. ओतकामाच्या बाजूने त्यात भर घालतो.

वाळूच्या साच्यात ओतलेल्या ब्राँझ किंवा अॅल्युमिनियमच्या पाटीवर उठावाचं अक्षर २ ते ३ मिमी उंच येतं. अक्षराच्या बाजूंना थोडा उतार ठेवावा लागतो, नाहीतर साच्यातून नमुना उचलताना वाळू तुटते. त्या उतारामुळे अक्षराच्या पोटातली मोकळी जागा तळाशी आणखी अरुंद होते. २० मिमीच्या खाली गेलं की ष, क्ष, ज्ञ, द्ध, श्र यांची पोटं धातूने भरून येतात. रेघेची जाडी २ मिमीहून कमी नको. अनुस्वाराचा ठिपका किमान ३ मिमी व्यासाचा ठेवा, कारण ओतल्यावर पृष्ठभाग घासून चकचकीत करताना सगळ्यात आधी अनुस्वारच उडतो. नाव "अनंत" आणि पाटी "अनत" असं होतं ते इथेच.

बारीक आकारात भ-म आणि घ-ध एकसारखे दिसतात. ख तळाशी नीट जोडलेला नसेल तर "रव" वाचला जातो. अशी अक्षरं स्पष्ट वेगळी दाखवणारा जाड, सरळ वळणाचा टाइप घ्या. नाजूक सुलेखन कागदावर सुंदर दिसतं, ओतकामात टिकत नाही.

धातू थंड होताना आकसतो. ब्राँझ साधारण दीड टक्का, अॅल्युमिनियम त्याहून किंचित कमी. ४५० मिमीची पाटी हवी तर नमुना ४५७ मिमीच्या जवळपास करावा लागतो. भोकांची जागा नमुन्यात आधीच धरली असेल तर तीही सरकते, म्हणून भोकं ओतल्यानंतरच पाडा.

वजन आधी काढून ठेवा. ४५० × ३०० × ८ मिमी ब्राँझ साधारण साडेनऊ किलो होतं. तेवढंच अॅल्युमिनियम तीन किलोच्या आत. २० मिमी जाड स्लेटचा दगड साडेसात किलोच्या पुढे.

---

अक्षरवळण

एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट राहिली. मजकूर फाइलमधून कारागिराकडे जाताना मोडतो. युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, जोडाक्षरं सुटून पाय मोडलेली दिसतात, "र्य" चा रफार भलत्याच अक्षरावर बसतो. ज्याला ती लिपी वाचता येत नाही त्याला यात काहीच वावगं दिसत नाही आणि तसंच ओतलं जातं.

म्हणून: अंतिम मजकूर बाह्यरेषांमध्ये बदलून, म्हणजे ज्याला कर्व्ह करणं म्हणतात तसा, पीडीएफ बनवायचा. बदल केल्यानंतरचा पीडीएफ खऱ्या मापात कागदावर छापायचा. मजकुराशी आधी संबंध न आलेल्या दोघांनी तो वाचायचा, एकाने मोठ्याने, एकाने मूळ पुराव्याचा कागद समोर ठेवून. सालं आकडा आकडा करून उलट्या क्रमाने वाचावीत. मग दोघांची सही. तोच छापील कागद भिंतीवर ठरलेल्या उंचीला चिकटवून रस्त्यावरून वाचून पाहा. अक्षर लहान असेल तर तिथेच कळतं, आणि फुकटात कळतं.

---

चुनेगच्ची

भिंतीबद्दल सविस्तर लिहितो, कारण फलकाने वास्तूचं नुकसान होतं ते इथे.

साध्या लोखंडी स्क्रूने पाटी लावणं कायमचं बंद झालं पाहिजे. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा व्यापतो. दगडाच्या आत ही फूग सुरू झाली की काही पावसाळ्यांत भोकाभोवती बारीक तडा जातो, तो कडेपर्यंत पोचतो आणि दगडाचा कपचा निघतो. जस्ताचा मुलामा असलेला स्क्रूही चालत नाही, मुलामा कसताना सोलला जातो. ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील वापरा, ६ किंवा ८ मिमी आट्यांचे दांडे.

फुगणारे अँकर बोल्टही जुन्या दगडी बांधकामात नकोत. ते धरून राहतात ते भोकाच्या बाजूंवर दाब देऊन, आणि कडेजवळ असले तर तोच दाब दगड फोडतो.

भोक शक्यतो विटेत किंवा दगडात नको, सांध्यात पाडा. सांध्यातला चुना पुन्हा भरता येतो, दगड पुन्हा येत नाही. यासाठी पाटी बनवण्याआधी भिंतीचे सांधे मोजले पाहिजेत. चार कोपऱ्यांत चार भोकं असलेली तयार पाटी आणली की सांधे कधीच जुळत नाहीत. याला चांगला उपाय म्हणजे मागे स्टेनलेसच्या पट्ट्यांची चौकट करायची. चौकट सांध्यांच्या हिशेबाने भिंतीला बसते आणि पाटी चौकटीला. पुढे पाटी बदलावी लागली तरी भिंतीला नवं भोक पडत नाही.

घडीव दगडाचं बांधकाम असेल आणि सांधा ३-४ मिमीचाच असेल तर सांध्यात भोक जमत नाही. मग मुख्य दर्शनी भिंत सोडा. कुंपणाची भिंत, फाटकाचा खांब, नंतर बांधलेला भाग किंवा स्वतंत्र खांब यांतलं काहीतरी निवडा. नक्षी, कमान, जुना शिलालेख यांच्यावर किंवा लगत पाटी लावायची नाही, मालकाचा आग्रह असला तरी.

बसवण्याची पद्धत: चौकटीचा प्लायवुडचा साचा भिंतीला धरून, पातळी लावून खुणा करा. ड्रिलचा हातोडा बंद ठेवून फक्त फिरता ठेवा. ८ मिमी दांड्याला १० मिमी भोक, खोली ७० ते ८० मिमी. भोक बाहेरच्या बाजूला किंचित खाली उतरतं ठेवा म्हणजे पाणी आत जिरणार नाही. ब्रश आणि हवा आलटून पालटून तीनदा मारून धूळ काढा. धूळ राहिली की रेझिन (दांडा भोकात पक्का चिकटवणारं रसायन) दगडाला धरत नाही, धुळीला धरतं, आणि दांडा हाताने ओढला तरी बाहेर येतो. आधी सगळं कोरडं बसवून पाहा, मगच रेझिन भरा. आतून पोकळ, भरावाची भिंत असेल तर जाळीची नळी घाला, नाहीतर सगळं रेझिन पोकळीत निघून जातं. रेझिन घट्ट व्हायचा वेळ तापमानावर ठरतो, डब्यावर लिहिलेला असतो. तेवढा वेळ पाटीचं वजन दांड्यांवर टाकू नका.

पाटी आणि भिंत यांच्यात ५ ते १० मिमी फट ठेवा. चुन्यात बांधलेली जुनी भिंत ओल शोषते आणि वाळते. पाटी चिकटून बसवली की तिच्या मागे ओल अडते, क्षार फुलतात, गिलावा सुटतो. चारही बाजूंनी सिलिकॉन भरणं ही सर्रास दिसणारी चूक आहे, कारण आत गेलेलं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही. भरायचंच असेल तर वर आणि बाजूंना भरा, खालची कड उघडी ठेवा.

---

ओतशाळा

चुनेगच्ची यांना एक पुरवणी. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना लागले की त्यातला एक खाल्ला जातो. अॅल्युमिनियमच्या पाटीला पितळी स्क्रू लावले की भोकाभोवती पांढरी भुकटी येते आणि भोक मोठं होत जातं. समुद्राजवळ स्टेनलेसबरोबरही तेच होतं. स्क्रू आणि पाटी यांच्यामध्ये नायलॉनची नळी आणि वॉशर घाला. ताजा चुना आणि सिमेंटही अॅल्युमिनियमला खातात, तेव्हा ते थेट लागू देऊ नका. आणि फिकट चुनखडी किंवा संगमरवरावर ब्राँझ नको, पावसाचं पाणी खाली हिरवे ओघळ सोडतं आणि ते दगडात मुरतात.

---

निळीपाटी

साहित्याच्या चर्चेत ब्राँझकडेच कल दिसतोय. मला ते पटत नाही. ब्राँझ आणि पितळ भंगारात विकलं जातं, आणि सहज हात पोचेल अशा जागी लावलं की चोरीला जातं. त्याशिवाय ब्राँझ काळवंडलं की अक्षर आणि पार्श्वभूमी एकाच रंगाची होते, उठाव असूनही सावलीत वाचता येत नाही.

पोलादी पत्र्यावरचं काचेरी इनॅमल, म्हणजे जुन्या रस्त्यांच्या पाट्यांचं साहित्य, हे मला सगळ्यात योग्य वाटतं. दीड-दोन मिमीचा पत्रा, दोन्ही बाजूंना लेप, सुमारे ८०० अंश सेल्सिअसला एकेका थराची भाजणी. रंग काचेत असतो, उन्हाने उडत नाही. गडद निळ्यावर पांढरं अक्षर लांबून वाचता येतं आणि भंगाराला किंमत नाही. अट एकच: भोकं आणि कापकाम भाजणीच्या आधी. नंतर एकही भोक पाडायचं नाही. आणि स्क्रू कचकचून आवळला की भोकाच्या कडेचा टवका उडतो, तिथून पत्रा गंजतो. खाली नायलॉनचा वॉशर घाला आणि हाताने आवळा.

लंडनचे फलक तर मातीचे, भाजलेले आहेत. ४९५ मिमी व्यास, ५० मिमी जाडी, किंचित फुगीर पृष्ठभाग, म्हणजे पावसानेच धुतला जावा. ते भिंतीत खोबण करून बसवतात. नव्या गिलाव्याच्या भिंतीत ते शोभतं, घडीव दगडात खोबण कोरू नये.

सगळ्यात वाईट पर्याय अॅक्रिलिक आणि छापील व्हिनाइल. उन्हाने पिवळं पडतं, बारीक तडे जातात, आणि समितीचं नाव त्याच पाटीवर असतं. कोरलेल्या पितळेत भरलेला रंगही उन्हात टिकत नाही, काही वर्षांनी पुन्हा भरावा लागतो.

---

ओतशाळा

चोरीचा मुद्दा मान्य. खालच्या उंचीवर इनॅमलच बरं. पण इनॅमलला दगड मारला की टवका उडतो आणि तो जागेवर दुरुस्त होत नाही. रहदारीच्या, खेळाच्या मैदानाजवळच्या जागी ओतीव पाटी जास्त टिकते. अक्षर वाचण्याच्या अडचणीवर उपाय आहे: पार्श्वभूमी भट्टीत भाजलेल्या गडद रंगाने भरायची आणि फक्त अक्षरांचा माथा घासून उघडा ठेवायचा. एकच साहित्य सगळीकडे वापरायचा हट्ट नको. रंग, मांडणी, अक्षराचं वळण सारखं ठेवलं की मालिका एकच दिसते.

---

पायवाट

उंचीबद्दल कोणीच लिहिलं नाही. तळाची कड २.१ ते ३ मीटरवर ठेवली की हात पोचत नाही, रस्त्यापलीकडून दिसते, पण अक्षर मोठं लागतं आणि मजकूर आखूड. सविस्तर माहितीचा फलक असेल तर त्याचा मध्य १.२ ते १.४ मीटरवर हवा, चाकाच्या खुर्चीतल्या माणसालाही वाचता यावा म्हणून. ब्रेल असेल तर तो हाताच्या उंचीवरच हवा, तीन मीटरवरचा ब्रेल निरुपयोगी आहे. दोन्ही कामं एका पाटीकडून करून घेऊ नका.

क्यूआर कोडचा आग्रह हल्ली सगळीकडे असतो. स्कॅन करायचं अंतर भागिले दहा, एवढा कोड मोठा लागतो. तीन मीटरवरून स्कॅन करायचा तर ३० सेंमीचा! शिवाय एकाच रंगाच्या ओतीव धातूवरचा कोड फोन वाचत नाही, त्याला काळ्या-पांढऱ्याचा फरक आणि चारही बाजूंना चार चौकड्यांची रिकामी जागा लागते. पत्ता तर बंद पडतोच. फलकावर फक्त अनुक्रमांक टाका, आणि कोड हवाच असेल तर खाली हाताच्या उंचीवर वेगळी छोटी बदलती पट्टी लावा. कोडमधला पत्ता समितीच्या स्वतःच्या नावावरचा असावा, तिथून पुढे कुठे पाठवायचं ते बदलता येतं.

जमिनीतल्या फलकांचाही पर्याय आहे. गुंटर डेम्निग यांनी १९९२ मध्ये जर्मनीतल्या कोलोन शहरात सुरू केलेले "श्टोल्परश्टाइन" म्हणजे १० सेंमीचा काँक्रीटचा ठोकळा आणि त्यावर पितळी पत्रा. नाझी राजवटीने बळी घेतलेल्या माणसाच्या शेवटच्या स्वेच्छेच्या घरासमोर, एका माणसाला एक दगड. २०२३ मध्ये एक लाखावा दगड बसला. मालकाची भिंत लागत नाही हा मोठा फायदा. तोटे असे, की पादचारी मार्ग खोदला की दगड मलब्यात जातात, म्हणून प्रत्येकाची नेमकी जागा रस्ते खात्याच्या नकाशावर नोंदवावी लागते. मोठा गुळगुळीत पत्रा पावसात घसरतो, म्हणून पत्रा लहानच हवा. पितळ काळं पडतं, ते पुसायला माणसं लागतात.

---

दगडीचिरा

खूप उपयोगी तपशील आले. मालकाबरोबरच्या कराराबद्दल आणि देखभालीबद्दल कोणी लिहील का? आणि एक शंका: काही ठिकाणी निळ्या-पांढऱ्या ढालीचं चिन्ह असलेल्या पाट्या दिसतात, ते वापरावं का?

---

दप्तरदार

ढालीचं चिन्ह सजावट म्हणून अजिबात वापरू नका. ते १९५४ च्या हेग कराराचं चिन्ह आहे, युद्धकाळात सांस्कृतिक संपत्तीच्या संरक्षणासाठीचं. सक्षम अधिकाऱ्याची तारीख आणि सही असलेली परवानगी सोबत लावल्याशिवाय ते कोणत्याही स्थावर वास्तूवर लावता येत नाही, असं त्या करारातच आहे.

मालकाच्या संमतीपत्रात हे असावं: पाटीची मालकी समितीची. मजकूर आणि नेमकी जागा यांचा खऱ्या मापाचा कागद जोडलेला, त्यावर मालकाची सही. देखभालीसाठी पूर्वसूचना देऊन येण्याची मुभा. रंगकाम, दुरुस्ती किंवा पाडकाम असेल तर मालकाने आधी कळवायचं आणि पाटी परत द्यायची. पाटी काढली तर भोकं बुजवून भिंत पूर्ववत करण्याचा खर्च समितीचा. मालक एकाहून जास्त असतील तर सगळ्यांच्या सह्या घ्या. एका भावाची सही घेऊन लावलेली पाटी दुसरा भाऊ उतरवतो, आणि ते त्याच्या हक्कातलं असतं.

निवडीचे नियम लेखी ठेवा आणि जाहीर करा. लंडनमध्ये व्यक्तीच्या मृत्यूला २० वर्षं झालेली असावी लागतात, तिचा ज्या वास्तूशी संबंध होता ती वास्तू उभी असावी लागते, आणि एका व्यक्तीला एकच फलक मिळतो. आकडे तुमचे वेगळे असतील, पण नियम आधी ठरलेले असले की नाही म्हणणं सोपं जातं. प्रायोजकाचं आणि उद्घाटकाचं नाव फलकावर नको. त्यासाठी नोंदवही आहे.

---

निळीपाटी

पाडलेल्या वास्तूंच्या बाबतीत लंडनचा नियम मला फार कडक वाटतो. ज्या शहरात बहुतेक जुनी घरं गेलेली आहेत तिथे तो लावला तर गरीब वस्त्यांमधला इतिहास फलकाविना राहील, कारण पक्की बांधकामं टिकतात ती श्रीमंतांची. "या जागी असलेल्या" असं स्पष्ट लिहून आणि पाटीला वेगळा आकार देऊन, समजा उभ्या वास्तूला गोल आणि गेलेल्या वास्तूला चौकोनी, हे करता येतं.

---

चुनेगच्ची

निळीपाटी यांच्याशी पूर्ण सहमत.

देखभाल: वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर. ब्राँझला कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश, पूर्ण वाळल्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात आणि कापडाने घासणं. पितळ चमकवायची पॉलिशं, आंबट पदार्थ आणि तारेचा ब्रश नको. पॉलिशमधली पांढरी भुकटी अक्षरांच्या खाचांत बसते आणि ओघळून भिंतीवर डाग पडतात. इनॅमलला नुसतं पाणी आणि मऊ कापड पुरतं, पण भोकांच्या कडा बघायच्या. प्रत्येक स्क्रू हाताने हलवून पाहा, खालची फट मातीने किंवा कोळ्याच्या जाळ्यांनी बुजलेली असेल तर मोकळी करा.

फलकांचा सगळ्यात मोठा शत्रू इमारतीचं रंगकाम आहे. रंगारी पाटीवरूनच ब्रश फिरवतो. संमतीपत्राबरोबर मालकाला एका ओळीची सूचना द्या: रंगकामाच्या दिवशी पाटी प्लास्टिकने झाकायची, आणि चिकटपट्टी भिंतीवर न लावता चौकटीला लावायची. ओतीव धातूवर ऑइलपेंट पडलाच तर रंग काढायचं द्रावण वापरण्याआधी एका कोपऱ्यात करून पाहा, पार्श्वभूमीचा भाजलेला रंगही त्यासोबत निघू शकतो.

---

अक्षरवळण

लागलेल्या फलकावर चूक निघाली तर काय? वर चिकटपट्टी, रंगवलेलं साल, बाजूला छोटी दुरुस्तीपाटी हे सगळे प्रकार पाहायला मिळतात. धड एकही दिसत नाही.

---

दप्तरदार

तीन पायऱ्या. पहिली, चूक दाखवणाऱ्याकडून पुरावा लेखी घ्या आणि मूळ मजकुराच्या पुराव्यांशेजारी ठेवून तपासा. फलक चुकला असं सांगणाराही चुकू शकतो. दुसरी, चूक खरी ठरली तर त्याच दिवशी समितीच्या फलकांच्या यादीतल्या नोंदीत दुरुस्ती टाका, कारण पाटी बदलायला महिने लागतील पण यादी लोक आज वाचत आहेत. तिसरी, नवी पाटी त्याच मापाची आणि त्याच भोकांची करा. चुनेगच्ची यांनी सांगितलेली चौकट असेल तर बदल तासाभराचा आहे. जुनी पाटी भंगारात देऊ नका. मागे काढल्याची तारीख आणि कारण लिहून दप्तरात ठेवा.

यादीतल्या प्रत्येक नोंदीत एवढं हवं: अनुक्रमांक, पूर्ण मजकूर जसाच्या तसा, अक्षांश-रेखांश, जमिनीपासूनची उंची, साहित्य, बनवणारा, दांड्यांचा प्रकार आणि भोकांची मापं, बसवल्याची तारीख, भोक पाडण्याआधीचा आणि नंतरचा फोटो, पुराव्यांची यादी कागदाच्या ठिकाणासह, संमतीपत्राची प्रत, आणि दरवर्षीच्या तपासणीची एक ओळ. एक प्रत समितीकडे, एक शहराच्या ग्रंथालयात किंवा अभिलेखागारात. समिती विसर्जित झाली तर फलकांची मालकी कोणाकडे जाईल तेही पहिल्याच पानावर लिहा.

---

दगडीचिरा

नोंदीचा नमुना यावरून कोऱ्या तक्त्याच्या स्वरूपात तयार करून पुढच्या प्रतिसादात टाकतो. चुनेगच्ची, चौकटीसाठी पट्टी किती जाडीची घ्यावी?

---

चुनेगच्ची

दहा किलोपर्यंतच्या पाटीला २५ × ५ मिमी पट्टी पुरते, ३१६ दर्जाचीच. दोन आडव्या, दोन उभ्या. भिंतीच्या दांड्यांसाठी आडव्या पट्टीत गोल भोकाऐवजी ८ × २० मिमीची लांबट खाच ठेवा, म्हणजे सांधा थोडा इकडेतिकडे असला तरी दांडा सांध्यातच पडेल. पाटी चौकटीला मागून अडकवायची आणि खालून दोन चोरीरोधक स्क्रूंनी बंद करायची. त्या स्क्रूंची चावी कोणाकडे आहे ते नोंदीत लिहा.